कोपी-सी, साखर कमी आणि पडदा काळा

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये नुसती 'कॉफी' मागून भागत नाही. 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कची मिळते. 'कोपी-ओ' म्हणजे दूध नाही, साखर आहे. 'कोपी-सी' इव्हॅपोरेटेड मिल्कची. त्याला 'कोसोंग' जोडलं की साखर गायब, 'सिऊ दाई' जोडलं की कमी, 'गाऊ' म्हटलं की कडक आणि 'पेंग' म्हटलं की बर्फ घालून. अगदी असंच चालतं 'व्हिम' नावाचं कोड एडिटर. त्यात डी म्हणजे पुसा, डब्ल्यू म्हणजे शब्द. डी, २, डब्ल्यू अशी बटणं ओळीने दाबली की दोन शब्द साफ. डीच्या जागी सी दाबलं तर ते दोन शब्द पुसून त्याच जागी नवीन लिहायला कर्सर तयार.

प्रोग्रॅमर ज्यात कोड लिहितात ते कोड एडिटर, आणि ते आपल्या मनासारखं करून घेणं हा या जमातीचा लाडका उद्योग. रंग, फॉन्ट, शॉर्टकट, इतकंच काय, कर्सरने मिचकावायचं की नाही हेही ज्याचं त्याने ठरवायचं. चांगी बिझनेस पार्कात नोकरी करणारा एखादा भाचा किंवा पुतणी असेल तर विचारून बघा, या विषयावर तासभर ऐकायची तयारी ठेवून. पण 'माझी सेटिंग' म्हणून आपण जे मिरवतो, त्यातलं बरंचसं दुसऱ्याच कुणाच्या जुन्या यंत्रामुळे, अडचणीमुळे किंवा भिडेमुळे आपल्यापर्यंत आलेलं असतं.

पंतप्रधानांचा कोड

२०१५ च्या एप्रिलअखेर मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' म्हणजेच 'व्हीएस कोड' जाहीर केलं. पुढे हेच एडिटर जगात सगळ्यात जास्त वापरलं जाऊ लागलं. त्या घोषणेनंतर काही दिवसांतच, मेच्या सुरुवातीला, सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी फेसबुकवर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम टाकला. सी प्लस प्लस भाषेतला, सुडोकू सोडवणारा. कोडं एकेक ओळ करून टाइप करायचं, मग प्रोग्रॅम उत्तर छापतो. उत्तरं अनेक असतील तर सगळी छापतो, वर किती पायऱ्या लागल्या तेही सांगतो. चालतो मात्र डॉसच्या खिडकीत. ना रंग, ना सजावट.

काही वर्षांपूर्वी लिहिलेला हा आपला शेवटचा प्रोग्रॅम, असं त्यांनी सांगितलं होतं. चुका सापडल्या तर कळवा, असंही लिहिलं. मग काय, जगभरचे प्रोग्रॅमर एका देशाच्या प्रमुखाचा कोड तपासायला बसले! लींनी केंब्रिजला गणिताबरोबर संगणकशास्त्राचाही अभ्यास केला होता, तेव्हा हा हौशी कारभार नव्हता. निवृत्तीनंतर 'हास्केल' ही भाषा शिकायचा बेतही त्यांनी बोलून दाखवला होता. २०२४ च्या मे महिन्यात ते पंतप्रधानपदावरून उतरले खरे, पण ज्येष्ठ मंत्री म्हणून मंत्रिमंडळात राहिले. हास्केलला वेळ मिळायचा कधी?

बाण कुठून आले?

आता पुन्हा उसन्या सवयींकडे वळू. व्हिममध्ये कर्सर हलवायला बाणाच्या बटणांऐवजी एच, जे, के, एल ही अक्षरं वापरतात. बोटं जागची हलत नाहीत म्हणून हे सोयीचं, असं त्याचे भक्त सांगतात. खरं कारण साधं आहे. व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहायला घेतला. त्यांच्यापुढे होतं 'एडीएम-३ए' नावाचं टर्मिनल. त्याला बाणांची वेगळी बटणंच नव्हती. बाण छापलेले होते याच चार अक्षरांवर. त्याच यंत्रावर 'होम' हा शब्द आणि नागमोडी टिल्डचं चिन्ह एकाच बटणावर होतं, म्हणून आजही युनिक्समध्ये घरच्या फोल्डरची खूण म्हणजे टिल्ड.

आता ओळीच्या सुरुवातीला जागा सोडायला टॅब की स्पेस, हे महाभारत घ्या. 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या २०१७ च्या पाहणीत स्पेस वापरणाऱ्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त निघाला होता. तेवढ्यावरून टॅबचं बटण उखडू नका. 'मेक' या साधनाच्या फाइलमध्ये तर आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ते लिहिलं. टॅबची अट त्रासाची आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं, पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, ते वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून अट तशीच राहिली. डझनभर मित्रांची भीड जग अजून फेडतंय.

आणि एडिटरात ८० अक्षरांपाशी काढलेली ती उभी रेघ? तिचं मूळ आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डात. त्यावर ८० रकाने होते.

हट्ट पुरवला जातो

कधी उलटंही होतं. कंसांच्या जोड्या वेगवेगळ्या रंगांत दिसाव्यात म्हणून एका वापरकर्त्याने व्हीएस कोडसाठी एक्स्टेन्शन लिहिलं. लाखोंनी ते बसवलं, पण मोठ्या फाइलवर ते धापा टाकायचं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच सोय मूळ एडिटरमध्ये आणली आणि दहा हजार पट वेगवान झाल्याचं सांगितलं.

नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये मात्र नवख्यांना आधी लगामच घालतात. तिथे 'सोर्स अ‍ॅकॅडमी' नावाचं ब्राउझरमधलं एडिटर आहे, बरंचसं विद्यार्थ्यांनीच बांधलेलं. त्यात जावास्क्रिप्ट कापून-छाटून मिळते. पहिल्या टप्प्यात लूप नाहीत, एकदा ठेवलेली किंमत बदलायची सोयही नाही. तिसऱ्या टप्प्यावर ती दारं उघडतात. सुरुवातीला इतकी बंधनं हवीत, असं माझंही मत आहे. पहिल्याच आठवड्यात चाळीस थीम पाहणारा कोड कधी लिहिणार?

कोड लिहिताना मराठीलाही वाव आहे. पायथॉन ३ मध्ये चलाचं नाव 'किंमत' किंवा 'भाडे' असं देवनागरीत खुशाल ठेवता येतं. अडचण होते फॉन्टची. कोडसाठीच्या समान रुंदीच्या फॉन्टांत बहुधा देवनागरी नसते, एडिटर दुसरीकडून अक्षरं आणतं आणि रकाने वाकडे होतात. सेटिंगमध्ये फॉन्टची नावं स्वल्पविराम देऊन ओळीने लिहिता येतात. इंग्रजी फॉन्टपुढे 'मुक्त' या देवनागरी फॉन्टचं नाव लिहिलं की अक्षरं निदान देखणी दिसतात.

हे वाचून व्हिम उघडावंसं वाटलं, तर पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी ओळ बहुधा दिसेल. दचकू नका. व्हिमचे डच जनक ब्राम मोलेनार यांनी किंमत म्हणून एवढंच मागितलं होतं. २०२३ मध्ये ते गेले, ती ओळ राहिली. आणि बाहेर कसं पडायचं ते आत्ताच लिहून ठेवा, कारण याच प्रश्नाचं स्टॅक ओव्हरफ्लोवरचं पान २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिलं गेलं होतं: एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर.