पोलिस झडतीला आले तर काय बघायचं?

चंदगड-आजरा पट्ट्यात गोवा बनावटीच्या दारूवरच्या कारवाया काही नवीन नाहीत. झडती म्हटलं की माणसं गांगरतात आणि न वाचताच पंचनाम्यावर सही करून मोकळी होतात.

वॉरंट नसेल तर पोलिस उंबरा ओलांडूच शकत नाहीत, असं पारावर ठासून सांगणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. तपासात तातडी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घेता येते. मात्र अधिकाऱ्यानं त्याचं कारण आधी लिहून ठेवायचं आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. अर्ज केला तर ती घरमालकालाही फुकट मिळते.

झडतीवेळी दोन तटस्थ पंच लागतात, शक्यतो त्याच भागातले. घरच्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची. जप्त मालाची यादी तिथंच करायची आणि तिची प्रत आपल्याला द्यायची. १ जुलै २०२४ पासून झडतीचं व्हिडिओ चित्रीकरणही सक्तीचं झालंय. त्यामुळं "साहेब, शूटिंग चालू आहे न्हवं?" असं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. आडवं मात्र जायचं नाही, नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अंगावर यायचा.

झडतीविरुद्ध अमेरिकेच्या घटनेत वेगळी तरतूद आहे, आपल्या घटनेत नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं होतं. पण २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा कलम २१ मधला मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या कितीतरी आधीचं भिवंडीचं प्रकरण आहे. १९६५ मध्ये एक पोलिस निरीक्षक रात्री एका बाईच्या झोपडीत शिरला आणि अंगाशी आल्यावर दारूबंदीचा छापा होता म्हणाला. त्याला बडतर्फ केलं. उच्च न्यायालयात तो सुटला, पण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी कायम केली. बाईचं चारित्र्य कसंही असो, तिच्या घरात कुणी मनाला येईल तेव्हा घुसू शकत नाही, असं न्यायालयानं बजावलं.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. झडती बेकायदा ठरली म्हणून त्यात सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. म्हणून यादीत काय लिहिलंय ते सहीआधी वाचा. वस्तू परत हवी असेल तर तालुक्याच्या कोर्टात अर्ज करता येतो. हक्कावरच गदा आली असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येते, आणि त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.