'हेमाडपंती' ही संज्ञा आणि कालनिर्णय

यवतमाळजवळील लोहारा येथील कमलेश्वर मंदिर 'हेमाडपंती' म्हणून ओळखले जाते. या संज्ञेने वस्तुतः एक रचनापद्धती सूचित होते. घडीव दगड चुन्याविना, केवळ सांधे व भार यांच्या आधारे बसविलेले असतात. स्तंभांवर तुळया येतात, आणि कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवीत छत क्रमाक्रमाने मिटविले जाते. खरी कमान येथे नसते.

हेमाद्री हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. परंतु याच नावाने ओळखले जाणारे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) मधील आहे. युरोपातील 'गॉथिक' शब्दाची कथा अशीच आहे. ती शैली गॉथ लोकांची नव्हे. प्रबोधनकालीन इटालियन लेखकांनी ते नाव तुच्छतेने दिले.

तात्पर्य, 'हेमाडपंती' शब्द बांधणी सांगतो, काल सांगत नाही. लोहाऱ्यासारख्या मंदिराचा काल केवळ नावावरून तेराव्या शतकात नेणे सदोष ठरते. पुसद तालुक्यातील डोंगरगावचा जगद्देव परमाराचा शिलालेख शके १०३४ (इ. स. १११२) चा, म्हणजे हेमाद्रीपूर्वी सुमारे दीड शतकाचा आहे. या जिल्ह्यातील मंदिरांचा कालनिर्णय अशा लेखांच्या व शिल्पांच्या साक्षीनेच व्हावयास हवा.