विश्लेषण : एक्स-रे स्वच्छ आला, पण डोस किती गेला?

फिल्मच्या काळात एक्स-रेचा डोस वाढला की चूक लगेच पकडली जायची. फिल्म काळी पडायची आणि तंत्रज्ञाला बोलणी बसायची. डिजिटल एक्स-रेमध्ये हा इशाराच गेला. किरण जास्त पडले तरी संगणक प्रतिमेची चमक जुळवून घेतो. कमी पडले तर मात्र खसखस पेरल्यासारखे ठिपके दिसतात आणि डॉक्टरांची तक्रार येते. जास्तीची तक्रार कुणीच करत नाही. मग 'असू दे थोडे वर' म्हणत सेटिंग हळूहळू वाढत जाते. याला 'डोस क्रीप' म्हणतात. त्यामुळे डोस प्रतिमा पाहून कळत नाही, तो मोजावाच लागतो.

मोजतात कसा?

रुग्णाच्या शरीरात मीटर बसवता येत नाही, म्हणून मोजमाप बाहेरूनच होते. सर्वात सोयीची पद्धत डोस-एरिया प्रॉडक्ट, थोडक्यात 'डॅप'. किरणांचा झोत आखणाऱ्या कोलिमेटरच्या तोंडाशी एक पातळ, पारदर्शक आयनीकरण कक्ष बसवतात. आतल्या हवेत किरणांमुळे जो विद्युतभार तयार होतो, त्यावरून आकडा मिळतो. गंमत अशी, की अंतर दुप्पट झाले की डोस एक चतुर्थांश होतो, पण झोताचे क्षेत्रफळ चौपट. गुणाकार तोच राहतो! म्हणून रुग्ण किती लांब उभा आहे, याने डॅप बदलत नाही. झोत गरजेपेक्षा रुंद ठेवला, तर मात्र तो लगेच वाढतो.

पडद्यावरचा 'एक्सपोजर इंडेक्स' म्हणजेच डोस का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. हा आकडा डिटेक्टरपर्यंत काय पोहोचले ते सांगतो. रुग्णाच्या अंगात किती गेले ते नाही. जाड आणि बारीक रुग्णाचा इंडेक्स सारखा असू शकतो, डोस नाही. पूर्वी प्रत्येक कंपनीचे मोजमाप वेगळे होते. काहींचा आकडा तर डोस वाढला की चक्क कमी व्हायचा. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यातील 'डेव्हिएशन इंडेक्स' शून्य असेल तर सगळे ठीक. अधिक ३ म्हणजे डिटेक्टरवर दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मे, अधिक १० म्हणजे थेट दहापट. लॉगरिदम शाळेत सोडून आलेल्यांना हा फरक किरकोळ वाटू शकतो.

घाबरायचे का?

छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा फार तर तीन दिवसांचा हिशेब. कमरेच्या मणक्याला सुमारे १.५, छातीच्या सीटी स्कॅनला ६ ते ७. गरजेचा एक्स-रे टाळण्यात शहाणपणा नाही. प्रश्न येतो तो लहान मुलांचा आणि वारंवार होणाऱ्या तपासण्यांचा.

मर्यादा किती?

रुग्णासाठी मर्यादाच नाही. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, सामान्य नागरिकांसाठी १. रुग्णाला मात्र तपासणीचा फायदा होतो, म्हणून तिथे 'डायग्नोस्टिक रेफरन्स लेव्हल' वापरतात. अनेक रुग्णालयांतील ठरावीक तपासणीचे नेहमीचे डोस मांडून, तीन चतुर्थांश रुग्णालये ज्याखाली येतात ती रेषा ठरवतात. सतत तिच्या वर राहणाऱ्यांनी यंत्र आणि सेटिंग तपासायचे. एकट्या रुग्णाला ही रेषा लावत नाहीत.

यंत्र नोंद ठेवत असेल, तर डॅपचा आकडा प्रतिमेच्या डायकॉम फाइलमध्ये असतो. छापील फिल्मवर तो बहुधा नसतो. त्यासाठी सीडी मागून घ्यावी लागते.