खेळाचें माहेर

शिक्रापूरच्या बाहेर, नगर रस्त्यापासून थोड्या अंतरावरील मोकळ्या पटांगणांत, परवां सायंकाळीं दोन मुली बॅडमिंटन खेळतांना दिसल्या. दोन बाभळींना बांधलेली दोरी हेंच त्यांचें जाळें. वाऱ्याची झुळूक आली कीं फूल भलतीकडेच जाई आणि दोघी हंसत त्यामागें धांवत. दिवेलागण होतांच घरून हांक आली. थोरलीनें रॅकेट खालीं ठेवली आणि डाव तसाच राहिला. हें दृश्य मनांत घोळत राहण्याचें कारण असें कीं, जो डाव येथें अर्ध्यावर मोडला, त्या खेळाचें माहेर ह्याच जिल्ह्यांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि त्याला ‘पूना’ असेंच म्हणत. 1873 च्या सुमारास त्याचे नियम येथेंच लिहिले गेले, असें सांगतात. अधिकाऱ्यांबरोबर खेळ विलायतेस गेला. तेथें ब्यूफर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन नांवाच्या वाड्यावरून त्यास नवें नांव मिळालें, आणि 1893 सालीं त्याची संघटनाही स्थापन झाली. लग्नानंतर मुलीचें नांव बदलावें, तसेंच कांहींसें हें झालें.

ही लेक माहेरीं थाटानें आली ती 2008 सालीं. त्या ऑक्टोबरांत राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धा पुण्यास भरल्या. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेल्या बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडानगरींत देशोदेशींचीं मुलें उतरलीं. बॅडमिंटनमध्यें मुलींच्या एकेरीचें सुवर्णपदक अठरा वर्षांच्या सायना नेहवालनें मिळविलें. पाठोपाठ पुण्यांतच जागतिक कुमार अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेंही विजेतेपद तिनेंच जिंकलें, आणि तें जिंकणारी ती पहिलीच भारतीय ठरली. पुढें 2012 सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें तिनें कांस्यपदक मिळविलें.

मग बालेवाडीपासून पन्नासएक किलोमीटरांवरील गांवांत हा खेळ दोरीवरच कां अडावा? कुस्तीस माती पुरते, कबड्डीस आंखलेलें अंगण पुरतें. ह्या खेळाचें तसें नाहीं. 44 फूट लांब व 20 फूट रुंद मैदान आणि मध्यें 5 फूट उंचीचें जाळें एवढें कोठेंही मांडतां येईल; पण सोळा पिसांचें तें फूल जेमतेम पांच ग्रॅम वजनाचें. वारा लागला कीं खेळणाराचें सारें कसब व्यर्थ! म्हणून ह्या खेळास उंच छप्पर हवें, आणि तें प्रायः शहरांतच असतें.

परंतु मुलींच्या बाबतींत छप्पर मिळूनही भागत नाहीं. घराची संमति लागते. पुण्याचे प्रो. दि. ब. देवधर हे स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. 1939-40 व 1940-41 ह्या दोन्ही वर्षीं रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघाचे ते नायक. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन ह्या कन्यांनीं 1940 नंतरच्या दशकांत भारतीय बॅडमिंटन गाजविलें. संध्याकाळीं मुलींनीं घराबाहेर राहणें जेव्हां अनेकांस रुचत नसे, त्या काळची ही गोष्ट!

आज आपण मुलींना शिकवितों, पदवीस पाठवितों, आणि त्याचा अभिमानही बाळगतों. तरी आमच्याच एकत्र कुटुंबांत पुतणी दहावीस गेली आणि तिची रॅकेट माळ्यावर गेली. त्याच वर्षीं दहावीस असलेल्या तिच्या चुलतभावाची बॅट मात्र दाराशीं उभीच होती. कोणीं कांहीं ठरविलें नव्हतें. तिला कोणीं विचारलेंही नव्हतें, आणि त्या न विचारणारांत मीही होतों.

गांवोगांवचीं मंगल कार्यालयें मुहूर्त नसतील त्या दिवशीं रिकामीं असतात. ज्यांचें छप्पर उंच आहे अशीं एखाद-दोन जरी सायंकाळीं मुलींसाठीं उघडलीं, तरी वाऱ्याचा प्रश्न सुटेल. दिवेलागणीच्या हांकेचा प्रश्न मात्र कोणत्याही छपरानें सुटावयाचा नाहीं. तो घरांतील वडीलधाऱ्यांनींच सोडवावयाचा आहे. खेळास माहेर पुण्याचें लाभलें. खेळणाऱ्या मुलीसही आपलें घर माहेरासारखें वाटावें, एवढीच इच्छा.