मूल 'होते' की आपण 'होऊ देतो'?

मराठीत काही गोष्टी माणूस करतो आणि काही गोष्टी त्याला होतात. आपण घर बांधतो, कलमे लावतो, मुलीचे लग्न करतो. पण पडसे होते, उशीर होतो, आणि मूलही होते. 'तिला मुलगा झाला' या वाक्यातला कर्ता कोण, असे मी वर्गात विचारते तेव्हा मुले क्षणभर गोंधळतात. व्याकरणाच्या हिशेबाने कर्ता तो मुलगाच! जो कालपर्यंत या जगात नव्हता तो कर्ता, आणि जिने नऊ महिने त्याचा भार वाहिला ती बिचारी चतुर्थीत. बाकीचे शब्दप्रयोग घेतले तरी तीच तऱ्हा. दिवस जातात, कूस उजवते, पाळणा हलतो, देव देतो, पदरात पडते. या साऱ्यांत कुठेही दोन शहाणी माणसे समोरासमोर बसून 'आपल्याला मूल हवे का?' असे एकमेकांना विचारताना दिसत नाहीत.

भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. समाज जसा जगला तशी भाषा घडली. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद ज्या काळात रूढ झाला, त्या काळात आठांतली किती हाती लागतील याचा भरवसा नव्हता. परंतु काळ बदलला, आणि क्रियापद बदलण्याची वेळ आली. हे क्रियापद बदलण्याचा हट्ट महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम धरला, त्यांतील तीन घराण्यांची मुळे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दापोली आणि मंडणगड या दोन तालुक्यांत आहेत. आम्हा रत्नागिरीकरांना आंब्याचा अभिमान पुष्कळ. या गोष्टीचा मात्र आम्ही फारसा उच्चार करीत नाही.

पहिले घराणे मुरुडच्या कर्व्यांचे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. लोकांना न रुचणारी गोष्ट करणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागते, हे त्याने घरातच पाहिले. हाच मुलगा १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. भारतातले असे ते पहिले केंद्र मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. म्हणजे या एका बाबतीत आपण विलायतेच्या मागे नव्हतो!

पुढची हकीकत सुखाची नाही. या मतांपायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते चालवले. १९३१ साली मासिकातल्या एका लेखाबद्दल खटला होऊन त्यांना दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली हा अपराध! पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच लोक नाके मुरडणारे.

कर्व्यांनी लोकांना जे सांगितले ते आधी स्वतःच्या घरात केले. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण मात्र अवघे ०.३ टक्के आहे, तेही पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी असताना. शंभर वर्षांत आपण निर्णय घ्यायला थोडेबहुत शिकलो, पण त्याचा भार वाटून घ्यायला शिकलो नाही.

मात्र कर्व्यांविषयी एक गैरसमज आहे. मुले नकोत, असा उपदेश त्यांनी जगाला केला नाही. मूल व्हावे तर आईबापांच्या इच्छेने व्हावे, आणि स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध आई करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. स्वतःचा निर्णय त्यांनी दुसऱ्यावर लादला नाही. दुसऱ्यांचा मात्र त्यांच्यावर लादू पाहणारे पुष्कळ निघाले.

१९३४ च्या त्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. खटला ते हरले. परंतु विषय त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. सभागृहाने तो फेटाळला. बाबासाहेब हे आपल्या आईबापांचे चौदावे अपत्य. त्यांच्या स्वतःच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाचले. असे चार वियोग सोसलेला बाप जेव्हा या प्रश्नावर बोलतो, तेव्हा त्याला मुलांची माया नाही असे कोण म्हणेल? माया असते म्हणूनच माणूस विचारतो, की जो जीव आपण जगात आणणार त्याला दूध, औषध आणि शाळा देण्याची आपली ऐपत आहे का?

तिसरे घराणे दापोली तालुक्यातील मुर्डीच्या परांजप्यांचे. रँग्लर परांजपे हे मुर्डीचे. त्यांच्या कन्या शकुंतलाबाईंनी रघुनाथरावांचे काम पुढे पुण्यात नेले, विधान परिषदेत आणि राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि १९९१ साली पद्मभूषण मिळवले. ज्या कामासाठी रघुनाथरावांची नोकरी गेली, त्याच कामाला पुढच्या पिढीत सरकारने पदक दिले. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातला पहिला देश. मृत्यूच्या आदल्या वर्षी तेवढे तरी रघुनाथरावांना पाहायला मिळाले.

पण सरकारने विषय हाती घेतला आणि क्रियापद पुन्हा एकदा फिरले. पूर्वी देव देत होता. आता सरकार थांबवू लागले. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने काय हाहाकार उडाला तो घराघरांना ठाऊक आहे. १९७६ साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही मंजूर केले. सुदैवाने ते अमलात आले नाही. मूल हवेच अशी सक्ती आणि मूल नकोच अशी सक्ती या सख्ख्या बहिणी आहेत. दोहोंतही ठरवणारा तिसराच असतो. पुढे २००९ साली एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूल होऊ द्यावे की न द्यावे हे ठरवणे हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायद्याच्या दरबारी तरी क्रियापद तिच्या हाती आले.

घरी मात्र अजून आलेले नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याला नोकरी करते. लग्नाला सहा वर्षे झाली. तिने आणि नवऱ्याने विचार करून मूल नको असे ठरवले आहे. गौरीचा ओवसा घेऊन ती सासरी आली, की सुपावरचे हळदकुंकू वाळायच्या आत पहिला प्रश्न येतो, "यंदा काय विशेष?" सासूबाई मनाने चांगल्या. त्या रागावत नाहीत, रडतात. "एकदा नातवाचं तोंड बघितलं, की मी डोळे मिटायला मोकळी," म्हणतात. मुलगी मला म्हणाली, "बाई, रागावल्या असत्या तर मी भांडले असते. पण रडणाऱ्या माणसाला काय उत्तर देऊ?" तिला द्यायला माझ्याजवळही तयार उत्तर नव्हते. कारण सासूबाईंचे अश्रू खोटे नाहीत. त्यांच्या वाडीतल्या निम्म्या घरांना गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप असते. त्यांच्या लेखी नातवंड हा केवळ वंशाचा दिवा नव्हे. ओटीवरचा दिवा विझू नये ही त्यांची खरी धडपड आहे.

या भीतीकडे आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवर होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. सारा देश वाढत असताना हा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे २०११ चे प्रमाण महाराष्ट्रात सर्वांत जास्त. याचा अर्थ उघड आहे. आमची तरणी माणसे पोटामागे मुंबईला गेली आणि जात राहिली. राज्यात आज एका स्त्रीला सरासरी दोनांहून कमी मुले होतात हे खरे. परंतु कोकणातली घरे बंद पडली ती सुनांनी पाळणे नाकारल्यामुळे नव्हेत. ज्या घरांत चार-चार पाळणे हलले, त्यांनाही कुलपे लागली आहेत. रोजगाराने जे हिरावले ते भरून देण्याची जबाबदारी एकट्या सुनेच्या कुशीवर टाकणे न्यायाचे नाही.

म्हातारपणाच्या काठीचा मुद्दाही असाच. मुले असली की आधार असतोच, असे आज कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! परदेशी गेलेल्या मुलांचे फोनवर रोज दर्शन घेणारी आणि दवाखान्यात शेजाऱ्याच्या रिक्षाने जाणारी जोडपी आमच्या शहरात आळीआळीला आहेत. मुलांनी सांभाळले तर ते भाग्य. पण पुढे सांभाळायला हवे म्हणून मूल जन्माला घालणे म्हणजे त्या जिवाच्या पहिल्या दिवशीच त्याच्या नावावर कर्ज लिहिणे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. मूल नको म्हणणारी काही तरुण मंडळी, मूल हवे असणाऱ्यांना मागासलेले समजतात. हाही अडाणीपणाच. मूल वाढवण्यात कष्ट आहेत तसा आनंदही आहे, आणि तो हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. शिवाय 'बघू पुढे' हे उत्तर फार दिवस पुरत नाही. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने उतरू लागते. घर होऊ दे, बढती होऊ दे, असे म्हणता म्हणता दहा वर्षे निघून जातात आणि न घेतलेला निर्णय आपोआप घेतला जातो. मग पुन्हा तेच जुने व्याकरण! पूर्वी मूल 'व्हायचे', आता ते 'राहून जाते'. कर्ता याही वाक्यात नाही.

आणखी एक विषमता मला खटकते. मूल नको म्हणणाऱ्याला दहा जण कारण विचारतात. मूल हवे म्हणणाऱ्याला एकही नाही. वास्तविक अधिक विचार दुसऱ्या निर्णयाला लागतो, कारण त्यात एक तिसरा जीव गुंतलेला असतो आणि त्याची संमती घेण्याची सोय नाही. मूल कशासाठी हवे, रात्री कोण जागणार, कोणाच्या नोकरीला कात्री लागणार, हे प्रश्न लग्नाआधी पत्रिका जुळवताना विचारले गेले तर पुढचे पुष्कळ अश्रू वाचतील. छत्तीस गुण जुळतात की नाही हे आपण ज्योतिषाला विचारतो. हा एक गुण ज्याने त्याने आपल्या जोडीदारालाच विचारायचा आहे. आणि दोघांचे उत्तर वेगळे आले, तर ते लग्नाआधी कळलेले बरे.

त्या विद्यार्थिनीला मी इतकेच सुचवले, की सासूबाईंना निर्णय सांग, पण निकाल ऐकवल्यासारखा नव्हे. जवळ बसून सांग. उत्तर लांबणीवर टाकून त्यांना खोट्या आशेवर ठेवू नकोस. आणि नवऱ्यालाही बोलू दे. आईचे अश्रू पुसण्याचे काम आजवर सुनेकडेच आले आहे. मुलाने एकदा पुढे होऊन 'हे आम्ही दोघांनी ठरवले' असे म्हटले, तर रघुनाथरावांच्या जिल्ह्याला ते शोभून दिसेल.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. या दिवाळीत मुले-सुना घरी येतील. फराळाच्या ताटापुढे 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न सहज ओठावर येईल. समोरच्या जोडप्याने नको असे ठरवले असेल, किंवा हवे असून होत नसेल आणि दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून ते दमले असेल. दोघांच्याही घशाशी तो घास सारखाच अडकतो. त्याऐवजी 'कसे आहात?' असे विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे. सांगण्यासारखे काही असले तर ती आपण होऊन सांगतील, आणि त्या वाक्यात 'आम्ही ठरवले' हे शब्द असतील.