दार उघडलं, पण ४१ वर्षांनी

मिकी मात्सुबारा यांचं पहिलंच गाणं 'मायोनाका नो दोआ', म्हणजे 'मध्यरात्रीचं दार', जपानमध्ये नोव्हेंबर १९७९ मध्ये आलं. तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी अल्बम केले, इतरांसाठी चाली बांधल्या. २००४ मध्ये, ४४व्या वर्षी कर्करोगाने गेल्या. आणि २०२० च्या अखेरीस हेच विरहगीत टिकटॉकवर जगभर पसरलं, स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिलं आलं!

गाणं चांगलं होतं म्हणून? थोडं थांबा. २००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून जास्त लोक, ४८ अनोळखी गाणी. आठ गटांत प्रत्येकाला आपल्या गटातल्या इतरांनी काय डाउनलोड केलंय ते दिसत होतं. गाणी तीच, तरी प्रत्येक गटात हिट वेगळी! उत्तम गाणी सहसा पडली नाहीत, वाईट सहसा चालली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

म्हणजे दर्जा लागतोच, पण सुरुवातीला कोणी ऐकलं आणि ते इतरांना दिसलं का, यावरही बरंच ठरतं. मात्सुबारांचं रेकॉर्डिंग ४१ वर्षं तेच होतं. बदललं ते आपलं एकमेकांना दिसणं. तेव्हा एखाद्या गाण्याला 'चाललं नाही' म्हणण्याआधी विचारा: ते कोणाला दिसलं होतं?