जेनेट रँकिन यांचीं दोन मतें

अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत स्त्रियांना मताचा पूर्ण अधिकार नव्हता, अशा काळांत, १९१६ सालीं, एक स्त्री तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आली. माँटाना संस्थानांतील जेनेट रँकिन या त्या बाई. हें घडलें कसें? मताधिकार कोणास द्यावा हें तेव्हां बहुतांशीं ज्या त्या संस्थानानें ठरवावयाचें असे. माँटानानें १९१४ सालींच स्त्रियांना मत दिलें होतें, आणि त्या चळवळींत रँकिनबाई स्वतः गांवोगांव हिंडल्या होत्या. सबंध राष्ट्रापुरती तशी घटनादुरुस्ती होण्यास १९२० साल उजाडावें लागलें.

२ एप्रिल १९१७ रोजीं त्या आसनस्थ झाल्या आणि त्याच सायंकाळीं अध्यक्ष विल्सन यांनीं जर्मनीशीं युद्ध पुकारण्याची मागणी केली. अनुकूल मत द्या, म्हणून बंधु वेलिंग्टन यांनीं विनविलें. प्रतिकूल मत दिल्यास स्त्रियांच्या चळवळीचीच हानि होईल, असें भय कित्येक सहकारी स्त्रियांना वाटत होतें. पहिल्या पुकाऱ्यास बाई स्तब्ध राहिल्या. दुसऱ्या वेळीं उठून म्हणाल्या, मला माझ्या देशाच्या पाठीशीं उभें राहावयाचें आहे, परंतु युद्धाला मत देतां येत नाहीं. विरुद्ध मतें ५० पडलीं. त्यांपैकीं ४९ पुरुषांचीं होतीं. गवगवा मात्र एकाच मताचा झाला!

१९१८ सालीं त्या सेनेटसाठीं उभ्या राहिल्या व पडल्या. केवळ त्या मतामुळें पडल्या, असें म्हणणें पुरतें खरें नव्हे. माँटानाच्या एकत्रित मतदारसंघाचे दोन विभाग पाडले गेल्यानें प्रतिनिधिगृहाची जागा राखणेंच त्यांना अवघड झालें होतें.

१९४० सालीं त्या पुन्हां निवडून आल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीं, ८ डिसेंबर १९४१ रोजीं, जपानविरुद्ध युद्धाचा ठराव आला. अनुकूल ३८८, प्रतिकूल १. स्त्री म्हणून मला रणांगणावर जातां येत नाहीं, तेव्हां इतरांनाहि मी पाठविणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. शत्रु दारांत आला असतां काय करावें, याचें उत्तर यांत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. लोक इतके खवळले, कीं बाईंना टेलिफोनच्या कोठडींत आश्रय घ्यावा लागला व पोलिसांच्या पहाऱ्यांत कचेरी गांठावी लागली. १९४२ सालीं त्या निवडणुकीस उभ्याच राहिल्या नाहींत.

पुढें गांधीजींच्या अहिंसामार्गाचा अभ्यास करण्यासाठीं १९४६ पासून त्या अनेकदां भारतांत आल्या. १५ जानेवारी १९६८ रोजीं, व्हिएतनाममधील युद्धाच्या निषेधार्थ वॉशिंग्टनमध्यें हजारों स्त्रियांची मिरवणूक निघाली, तेव्हां तिच्या अग्रभागीं ८७ वर्षांच्या रँकिनबाई चालत होत्या.